पती येरवड्यात, कागद बाहेर: तुरुंगातल्या माणसाचं मुखत्यारपत्र आणि नोटरी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पती चौदा महिन्यांपासून येरवडा मध्यवर्ती कारागृहात न्यायाधीन बंदी (म्हणजे खटला चालू असलेले कच्चे कैदी) आहेत, जामीन अजून झालेला नाही. पुण्यातला फ्लॅट नवरा-बायको दोघांच्या नावावर आहे, हप्ते थकलेत, म्हणून तो विकून कर्ज फेडायचं आहे. पतीच्या एकट्याच्या नावावर असलेल्या बचत खात्यातून मुलीची फी भरायची आहे. मुलीचा पासपोर्ट काढायचा आहे. शिवाय एका जुन्या दिवाणी दाव्यात पतीचं प्रतिज्ञापत्र लागतंय. ओळखीतल्या एका नोटरीने सांगितलं, "कोर्टाच्या तारखेला गडबडीत सही घेऊन या, शिक्का मी मारून देतो." हे चालेल का, आणि नसेल तर काय करायचं?

ताई, नाही चालणार. बाकी सगळं उत्तर पुढे सविस्तर देते, पण हे एक आधी मनाशी पक्कं करा.

बावीस वर्षांच्या वकिलीत माझ्याकडे असं एक प्रकरण आलं होतं. नवरा कच्चा कैदी. बायकोने तारखेच्या दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात, एस्कॉर्टच्या पोलिसांना विनवून, मुखत्यारपत्रावर (आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार देणाऱ्या कागदावर) त्याची सही घेतली. दोन दिवसांनी नोटरीने आपल्या नोंदवहीत तो दस्त चढवला, 'माझ्या समक्ष सही केली' असं लिहिलं आणि शिक्का मारला. सही शंभर टक्के खरी होती. त्या कागदावर शेतजमिनीचा व्यवहार झाला, चुलत्याने हरकत घेतली आणि कोर्टामार्फत कारागृहाची नोंद मागवली. नोटरीच्या वहीत जी तारीख होती त्या तारखेला माणूस बराकीत होता आणि त्याला भेटायला कुणीही आलेलं नव्हतं. तिथे तो दस्त आडवा झाला. खरेदीदाराने पैसे परत मागितले, नोटरीवर तक्रार झाली, आणि ज्या बाईने फक्त घर चालवायला हा खटाटोप केला तिला बनावट दस्ताच्या चौकशीत पोलिस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. नवरा सुटून आल्यावरही ते प्रकरण चालूच होतं.

यात सही खोटी नव्हती, 'समक्ष' हा शब्द खोटा होता. नोटरीच्या शिक्क्याचं सगळं वजन त्या एका शब्दात असतं. नोटरी कायदा १९५२ चा. त्याच्या कलम ८ नुसार नोटरी दस्ताचं निष्पादन, म्हणजे तो सही करून पुरा होणं, प्रमाणित करतो आणि शपथ देवून प्रतिज्ञापत्र घेतो. पूर्वीच्या पुरावा कायद्याच्या कलम ८५ मध्ये, आणि १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ८४ मध्ये, नोटरीसमोर सही होऊन प्रमाणित झालेलं मुखत्यारपत्र कोर्टाने खरं धरून चालावं असं गृहीतक आहे. समोरचा माणूस हे गृहीतक खोडू शकतो. तुमचा माणूस तुरुंगात असेल तर त्याला खोडायला फार कष्ट पडत नाहीत, कारण तुरुंगाइतकी काटेकोर हजेरी दुसरीकडे कुठेच ठेवली जात नाही. तुमच्या बाजूने वापरली तर तीच हजेरी तुमचा सर्वांत मजबूत पुरावा होते. नोटरी अमुक दिवशी, अमुक वाजता, अधीक्षकांच्या परवानगीने आत गेला, अशी गेटच्या नोंदवहीत नोंद असेल तर पुढे कुणी 'सही दबावाने घेतली' किंवा 'सही त्याची नाहीच' म्हणायला धजत नाही.

आणि व्हिडिओवर नोटरी करून देतो म्हणणाऱ्यांपासूनही लांब राहा. ई-मुलाकातीत चेहरा दिसतो, बोलणं होतं, त्याने घरच्यांना धीर येतो. पण कागद इकडे आणि माणूस तिकडे, याला 'समक्ष' म्हणत नाहीत.

आता तुमच्या कामांकडे वळू. तुम्ही चारही कामं एका 'नोटरी'च्या पिशवीत घातलीत. ती वेगळी करा, कारण त्यातल्या निम्म्या कामांना नोटरी लागतच नाही.

मुलीचा पासपोर्ट आधी घेऊ, कारण तो सगळ्यांत सोपा आहे. एका पालकाची संमती मिळू शकत नसेल तेव्हा अर्ज करणाऱ्या पालकाने द्यायचं घोषणापत्र आहे, 'अ‍ॅनेक्शर सी' म्हणतात त्याला. डिसेंबर २०१६ मध्ये परराष्ट्र मंत्रालयाने पासपोर्टचे नियम सोपे केले. तेव्हापासून ही घोषणापत्रं साध्या कागदावर, स्वतःच्या सहीने चालतात, नोटरी किंवा दंडाधिकाऱ्यासमोर शपथ घ्यावी लागत नाही. वडील कारागृहात आहेत हे कारण त्यात सरळ लिहा, लपवू नका. लपवलेली गोष्ट पोलिस पडताळणीत निघाली की अर्ज अडकतो. त्याचप्रमाणे, महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्येच बहुतेक शासकीय दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी स्वयंघोषणापत्र पुरे केलं आहे. त्यामुळे कुठल्या खिडकीवर 'पतीचं नोटरी अ‍ॅफिडेव्हिट आणा' म्हणाले तर कुठल्या नियमाखाली, ते लेखी विचारा. बरेचदा तिथेच विषय संपतो.

दाव्यात वकील नेमायला वकीलपत्र लागलं तर त्याचंही तसंच. त्याला नोटरी लागत नाही. वकील किंवा नातेवाईक कोरं वकीलपत्र कारागृहात देतात, बंदी त्यावर सही करतो, तुरुंगाधिकारी 'माझ्यासमोर सही केली' असं लिहून सही-शिक्का देतात, आणि कोर्ट ते स्वीकारतं. रोज शेकडो वकीलपत्रं अशीच येतात. सहीच्या जागेखाली पुरेशी मोकळी जागा सोडा म्हणजे जेलरचा शिक्का मजकुरावर बसत नाही. साधी गोष्ट आहे, पण शिक्क्याखाली नाव झाकलं गेलं म्हणून कागद परत आलेला मी पाहिलाय.

प्रतिज्ञापत्राला मात्र शपथ लागते. ती कुणी द्यावी याची यादी कायद्यात आहे. दिवाणी कामासाठी दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १३९: कोणतंही न्यायालय किंवा दंडाधिकारी, नोटरी, किंवा उच्च न्यायालयाने नेमलेला अधिकारी. फौजदारी कामासाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ३३३: न्यायाधीश, न्यायिक किंवा कार्यकारी दंडाधिकारी, शपथ आयुक्त, नोटरी. या यादीत तुरुंगाधिकारी नाही हे लक्षात घ्या. जेलरने 'सही ओळखली' असा शिक्का दिला तर सहीची ओळख पटते, शपथ होत नाही. तुमच्या दिवाणी दाव्यात दोन वाटा आहेत. पतीला तारखेला प्रत्यक्ष कोर्टात आणणार असतील तर तुमच्या वकिलांनी न्यायाधीशांना आधी अर्ज द्यावा आणि त्यांच्या परवानगीने पतीने कोर्टातच शपथ घ्यावी. पण हल्ली बऱ्याच तारखा व्हीसीवर (व्हिडिओ कॉन्फरन्सवर) होतात, माणूस कोर्टात येतच नाही. मग नोटरीला आत न्यावं लागतं. आणि तिसरी, आधी तपासायची गोष्ट: ते प्रतिज्ञापत्र खरंच पतीचंच हवंय का? दाव्यातली माहिती तुम्हाला स्वतःला असेल आणि तुम्हीही पक्षकार असाल तर तुमचंच प्रतिज्ञापत्र पुरेल. वकिलांना हा प्रश्न विचारा.

बँकेचं काम माणसामाणसांवर अवलंबून असतं, म्हणून नियम सांगण्यापेक्षा क्रम सांगते. मुखत्यारपत्र लिहायच्या आधी शाखेत जा. शाखा व्यवस्थापकांना लेखी पत्र द्या: खातेदार कारागृहात आहेत, फी आणि घरखर्चासाठी खातं चालवायचं आहे, बँकेला कोणता कागद चालेल? काही बँकांचा स्वतःचा मुखत्यारपत्राचा नमुना असतो. दुसऱ्या नमुन्यात केलेला दस्त कितीही नीट नोटरी केलेला असला तरी त्यांचा विधी विभाग परत पाठवतो. काही ठिकाणी अधीक्षकांनी प्रमाणित केलेलं सहीचं अधिकारपत्र चालतं, काही ठिकाणी नोटरीच लागते. आणि सगळ्यांत आधी खातं गोठवलेलं आहे का ते विचारा. तपासात पोलिसांनी खातं गोठवलं असेल, म्हणजे पूर्वीचं फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १०२ आणि आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १०६, तर मुखत्यारपत्राने एक रुपयाही निघणार नाही. तिथे ज्या कोर्टात केस आहे त्याच कोर्टात खातं मोकळं करण्याचा अर्ज करावा लागतो. मुलीची फी, आजारपण अशा कारणांसाठी ठरावीक रक्कम काढू द्या, अशी मर्यादित मागणी केली तर ती मान्य होण्याची शक्यता अधिक असते.

राहिला फ्लॅट. इथे मी जरा थांबून लिहिते, कारण सगळ्यांत जास्त नुकसान इथेच होतं आणि कायद्याने दिलेली सगळ्यांत चांगली सोय लोकांना इथलीच माहीत नसते.

फ्लॅट विकायचा म्हणजे नोंदणीकृत दस्त, म्हणजे नोंदणी अधिनियम १९०८. या जुन्या कायद्यात तुरुंगातल्या माणसाचा विचार नावानिशी केलेला आहे. कलम ३८ म्हणतं की 'दिवाणी किंवा फौजदारी आदेशान्वये तुरुंगात असलेल्या' व्यक्तीने नोंदणी कार्यालयात हजर राहण्याची गरज नाही. नोंदणी अधिकाऱ्याने एकतर स्वतः तुरुंगात जाऊन तिची तपासणी करावी किंवा त्यासाठी कमिशन काढावं, म्हणजे आपल्या वतीने हे काम करायला दुसऱ्याला नेमावं. म्हणजे तुमचे यजमान खरेदीखतावर स्वतःच सही करू शकतात. दस्त दुय्यम निबंधकांकडे खरेदीदार सादर करेल, तुमची सही आणि अंगठा कार्यालयात होईल, आणि 'सही माझीच' ही यजमानांची कबुली कारागृहात घेतली जाईल. मुखत्यारपत्राची गरजच नाही. एकच व्यवहार असेल, खरेदीदार ठरलेला असेल, मसुदा पक्का असेल तर मी स्वतः हाच मार्ग सुचवते. सही मालकाची, कबुली मालकाची, मध्ये कुणी नाही. खरेदीदाराच्या गृहकर्जाच्या बँकेलाही हे आवडतं.

वेळेचं भान मात्र ठेवा. दस्तावर सही झाल्यापासून चार महिन्यांत तो नोंदणीसाठी सादर व्हावा लागतो. कारागृहातली भेट ठरायला आठवडे जातात, म्हणून सही करून घ्यायची आणि मग अर्ज करायचा असा उलटा क्रम लावू नका. आधी दुय्यम निबंधकांकडे आणि कारागृहात अर्ज, तारीख ठरू द्या, मग सही.

आणि मुखत्यारपत्रच हवं असेल, म्हणजे खरेदीदार अजून ठरलेला नाही, सोसायटी, बँक, महापालिका अशी दहा ठिकाणची कामं आहेत, तर त्याच कायद्याचं कलम ३३ वाचा. तुमच्या वतीने दुसऱ्याने दस्त नोंदणीला सादर करायचा असेल तर त्याच्याकडचं मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोर निष्पादित आणि प्रमाणित झालेलं हवं. इथेही तुरुंगातल्या माणसाला कार्यालयात येण्यापासून सूट आहे. निबंधकाची खात्री पटली की मुखत्यारपत्र स्वखुशीने केलं आहे, तर माणूस समोर न येताही तो ते प्रमाणित करू शकतो, आणि खात्री करण्यासाठी स्वतः तुरुंगात जाऊ शकतो किंवा कमिशन काढू शकतो. राहतं घर एका जिल्ह्यात आणि कारागृह दुसऱ्या जिल्ह्यात असेल तेव्हा हे कमिशन फार उपयोगी पडतं. लोक पाचशेच्या मुद्रांकावर फक्त नोटरी केलेलं मुखत्यारपत्र घेऊन दुय्यम निबंधक कार्यालयात जातात आणि खिडकीवरून परत येतात, ते या कलम ३३ मुळे.

मुद्रांकाचं सांगते. स्थावर मालमत्ता विकण्याचा अधिकार देणारं, मोबदला न घेता केलेलं मुखत्यारपत्र पत्नी, आई-वडील, भाऊ, बहीण अशा जवळच्या नात्यात असेल तर महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुच्छेद ४८ नुसार मुद्रांक शुल्क ५०० रुपये आहे. तेच बाहेरच्या माणसाला, एजंटाला, बिल्डरला दिलं तर खरेदीखताइतकं शुल्क लागू शकतं. म्हणून मुखत्यार तुम्ही स्वतः व्हा किंवा दीर-सासरे होऊ द्यात. मुद्रांक पतीच्या नावे घ्या, 'हस्ते' तुमचं नाव. आणि सहा महिने उलटून गेलेला मुद्रांक वापरू नका. कपाटात पडलेला जुना कागद लोक काढतात आणि तिथे दस्त फसतो.

'खरेदीखत नको, मुखत्यारपत्रावरच फ्लॅट घेतो' असं म्हणणारा गिऱ्हाईक भेटेल. अडचणीतल्या घराकडे असे लोक बरोबर येतात. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०११ मध्ये सुरज लॅम्पच्या निकालात स्पष्ट केलंय की अशा मुखत्यारपत्राने मालकी जात नाही. त्याला मालकी मिळणार नाही, तुम्हाला पूर्ण पैसे मिळणार नाहीत, आणि कर्ज तुमच्याच डोक्यावर राहील.

विकण्याआधी आणखी एक तपासणी. गुन्हा आर्थिक असेल, ठेवीदारांच्या फसवणुकीचा म्हणजे एमपीआयडीचा किंवा ईडीचा असेल, तर फ्लॅट जप्तीत आहे का ते बघा. जप्त मालमत्ता मुखत्यारपत्राने विकता येत नाही, आणि तसा प्रयत्न केला तर यजमानांच्या जामिनालाच मार बसतो. जप्ती नसली तरी मुख्य केस लढवणाऱ्या वकिलांना मसुदा दाखवल्याशिवाय एकही सही घेऊ नका.

आता नोटरीला प्रत्यक्ष आत कसं न्यायचं. हे कुठल्या एका कलमात लिहिलेलं नाही, ते करून करूनच कळतं, म्हणून जसं करते तसं सांगते.

यजमान न्यायाधीन आहेत, म्हणजे ते कोर्टाच्या कोठडीत आहेत. अधीक्षक स्वतःच्या अधिकारात परवानगी देऊ शकतात, आणि साध्या कामासाठी देतातही. पण मालमत्तेचा दस्त असेल तर मी नेहमी केस जिथे चालू आहे त्या कोर्टाचा आदेश घेते. अर्ज दीड पानाचा पुरतो. त्यात केस क्रमांक, बंद्याचं नाव आणि बंदी क्रमांक, कोणता दस्त, कशासाठी, नोटरीचं नाव आणि नोंदणी क्रमांक, सोबत येणाऱ्या वकिलांचं आणि साक्षीदारांचं नाव लिहायचं, आणि मसुद्याची प्रत जोडायची. कोर्ट सरकारी वकिलांचं म्हणणं मागवतं. मसुदा जोडलेला असला की त्यांनाही दिसतं की यात केसच्या पुराव्याशी संबंधित काही नाही, आणि म्हणणं लवकर येतं. मसुदा न जोडता 'काही कागदपत्रांवर सह्या' असं मोघम लिहिलं की तपास अधिकाऱ्याला शंका येते आणि दोन तारखा वाया जातात.

आदेशात दोन गोष्टी मागून घ्या. एक, नोटरीला त्याची नोंदवही, शिक्का, नोटरीची तिकिटं, स्टॅम्प पॅड आणि पेन आत नेऊ द्यावं. गेटवर झडती होते, ती व्हायलाच हवी, पण आदेशात वस्तूंची नावं असली की गेटवरच्या शिपायाला निर्णय घ्यावा लागत नाही. एकदा स्टॅम्प पॅड बाहेर ठेवावं लागलं आणि अंगठ्याविना परत यावं लागलं, तेव्हापासून मी ही ओळ कधी चुकवत नाही. दोन, आदेश 'हमदस्त' मागा, म्हणजे टपालाची वाट न बघता तुमचे वकील तो स्वतः कारागृहात देतील आणि पोच घेतील.

नोटरी निवडताना त्याच्या प्रमाणपत्रावर कार्यक्षेत्र काय लिहिलंय ते बघा. कारागृह त्या क्षेत्रात यायला हवं. वही बाहेर न्यायला आणि अर्धा दिवस घालवायला सगळे नोटरी तयार नसतात. कामाची फी आणि प्रवासखर्च नोटरीच्या नियमांत बसेल असा आधीच ठरवा, पावती मागा.

जायच्या आदल्या दिवशी कारागृहात चौकशी करा की यजमान उद्या आत आहेत ना. दुसऱ्या केसची तारीख, ससून रुग्णालयाची फेरी, बदली, काहीही निघू शकतं. नोटरी, वकील, दोन साक्षीदार गेटवर आणि माणूस रुग्णालयात, हे मी अनुभवलंय.

आता दस्तातल्या नावाची एक गोष्ट. कारागृहातली नोंद एफआयआरवरून होते, आणि एफआयआरमध्ये नाव बरेचदा चुकलेलं असतं, वडिलांचं नाव गाळलेलं, आडनाव वेगळ्या पद्धतीने लिहिलेलं. आधारवर एक, कोठडीच्या वॉरंटवर दुसरं. दस्तात दोन्ही येऊ द्या: आधारप्रमाणे पूर्ण नाव, 'कारागृहाच्या नोंदीत अमुक नावाने नोंद असलेले'. पत्त्यात घरचा कायमचा पत्ता लिहा आणि त्याखाली 'सध्या येरवडा मध्यवर्ती कारागृह, न्यायाधीन बंदी क्रमांक अमुक'. इथे घरचे लोक अडखळतात. मला एक सासूबाई हात जोडून म्हणाल्या होत्या, "तेवढं तुरुंगाचं नाव नका लिहू, उद्या नातवंडं वाचतील." त्यांचं दुःख मला कळत होतं. पण ते नाव नसेल तर दस्तावरची जागा खोटी ठरते, आणि आपण परत त्या पहिल्या गोष्टीपाशी येतो. मी त्यांना समजावलं, त्यांनी ऐकलं, आणि त्या दस्ताला पुढे कुणी हात लावू शकलं नाही.

आत गेल्यावर घाई करू नका. यजमानांना मराठी वाचता येत असेल आणि दस्त इंग्रजीत असेल तर तो मुळातच मराठीत करा. नोटरीने त्यांना विचारावं: हे काय आहे, कुणाला अधिकार देताय, कुणाचा दबाव आहे का? शक्य असेल तर हे बोलणं तुमच्या अनुपस्थितीत व्हावं. तुरुंगातला माणूस घरच्यांपुढे 'नाही' म्हणू शकत नाही, अपराधीपणापोटी गप्प राहतो. मी एकदा नोटरीच्या या प्रश्नावर माणसाला रडताना पाहिलंय, त्याला घर विकायचंच नव्हतं. तो दस्त आम्ही केला नाही. प्रत्येक पानावर सही, शेवटच्या पानावर सही आणि डाव्या हाताचा अंगठा, फोटोवर अर्धी सही, नोटरीच्या नोंदवहीत सही, ओळख देणाऱ्या वकिलाची सही. दस्त जागेवरच पूर्ण व्हायला हवा, तारीख आणि अनुक्रमांक तिथेच पडायला हवा. शेवटी तुरुंगाधिकाऱ्यांना विनंती करा की बंद्याची ओळख पटवल्याचा शेरा आणि शिक्का द्या. तो कायद्याने सक्तीचा नाही, पण पुढे लाखमोलाचा असतो.

मुखत्यारपत्रात अधिकार मोजके लिहा. 'माझी सर्व कामे' असं कुलमुखत्यारपत्र बाहेरून सोपं वाटतं, पण बँक आणि निबंधक दोघेही त्यात आपल्या कामाची ओळ शोधतात आणि सापडत नाही. फ्लॅटसाठी वेगळं, बँकेसाठी वेगळं. यजमानांना ते केव्हाही रद्द करता येईल असंही लिहा. विश्वास आहेच, पण आत बसलेल्या माणसाच्या हातात एवढी तरी दोरी राहू द्यावी.

कुणी तुम्हाला सांगेल की कैद्याला असे हक्क नसतात. ते खरं नाही. अगदी १८९४ च्या तुरुंग अधिनियमाच्या कलम ४० पासूनच न्यायाधीन बंद्याला वकिलाशी दुसऱ्या कुणाच्या उपस्थितीशिवाय भेटू देण्याची काळजी घ्यावी असं आहे. केंद्रीय गृह मंत्रालयाच्या २०१६ च्या आदर्श कारागृह नियमावलीत न्यायाधीन बंद्यांच्या सोयींमध्ये वकीलपत्रावर सही, मुखत्यारपत्र आणि मृत्युपत्र या तिन्हींचा उल्लेख आहे. आणि आपल्या महाराष्ट्राचाच एक निकाल आहे, १९६५ चा, प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांचा. भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध असताना त्यांनी अणुविज्ञानावर मराठीत पुस्तक लिहिलं, सरकारने हस्तलिखित बाहेर पाठवायला नकार दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने सरकारचं अपील फेटाळलं. स्थानबद्धतेच्या अटींत जी मनाई नाही ती अधिकाऱ्याला आपल्या मनाने लादता येत नाही. अधीक्षकांनी लेखी नकार दिला तर तो घेऊन उच्च न्यायालयात जाता येतं. तोंडी नकार मात्र घेऊन येऊ नका, लेखी मागा.

यजमान पुढे सिद्धदोष झाले, देव करो तसं न होवो, तर थोडं बदलतं. तेव्हा अर्ज अधीक्षकांकडे करायचा, आणि संचित रजा किंवा अभिवचन रजा मिळणार असेल तर मोठी कामं रजेच्या दिवसांत बाहेर उरकता येतात. नोंदणीची कलमं ३३ आणि ३८ पक्क्या कैद्यालाही तशीच लागू आहेत.

मृत्युपत्राबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण लोक त्यासाठी नोटरी शोधतात म्हणून लिहिते: त्याला नोटरी किंवा नोंदणी सक्तीची नाही, दोन साक्षीदार हवेत, भारतीय उत्तराधिकार अधिनियमाचं कलम ६३. साक्षीदार लाभार्थी नसावेत. आणि ज्यांचा माणूस आखातात किंवा दुसऱ्या देशात तुरुंगात आहे त्यांनी भारतीय दूतावासाला लिहावं. १९४८ च्या कायद्याने वकिलातीचे अधिकारी शपथ देऊ शकतात आणि नोटरीचं काम करू शकतात, आणि ते कैद्याला भेटायला जातातही. तो कागद महाराष्ट्रात पोहोचला की तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यायचा, हे बहुतेक जण विसरतात.

वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. १९८७ च्या कायद्याच्या कलम १२ नुसार कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचं उत्पन्न न बघता, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. कारागृहातच त्यांचं विधी सहाय्य केंद्र असतं, यजमानांनी आतून अर्ज दिला तरी चालतो. तुम्ही बाहेरून १५१०० वर फोन करू शकता. गेटबाहेर 'आतून सही आणून देतो' म्हणणाऱ्या कुणालाही पैसे देऊ नका.

या आठवड्यात करायचं ते असं: सोमवारी बँकेत पत्र, खातं गोठवलंय का याची विचारणा, आणि कर्जाच्या खात्याचा थकबाकी दाखला. त्याच दिवशी केसच्या वकिलांना विचारा की फ्लॅटवर जप्ती आहे का. ही दोन उत्तरं हातात आल्याशिवाय मुद्रांक विकत घेऊ नका. आणि पुढच्या मुलाकातीला यजमानांना कागदाचं काहीही न दाखवता फक्त एवढं विचारा: फ्लॅट विकायला तुमची मनापासून तयारी आहे ना?